पत्ता मॉरिशसचा, पण डोकं कुठलं? बेटावरचा कंपनी कायदा साध्या भाषेत

कुठल्याही मोठ्या भारतीय कंपनीची शेअरहोल्डरांची यादी उघडा, त्यात अमुक फंड मॉरिशस लिमिटेड असं एक तरी नाव निघतंच. मी पुण्यात एका बॅक ऑफिसमध्ये बरीच वर्षं असल्याच कंपन्यांची खाती लिहिली, म्हणजे कंपनी मॉरिशसच्या राजधानीतली, पोर्ट लुईची, पैसा अमेरिकेतल्या पेन्शनवाल्यांचा, गुंतवणूक गुरगावच्या कुठल्यातरी स्टार्टअपमध्ये, आणि हिशोब लिहिणारा मी, खराडीत, कँटीनमधली मिसळ खाऊन. घरी कोणी विचारलं नक्की काय करतोस तर धड सांगता यायचं नाही. मावसभाऊ मात्र भेटला की अजून तेच विचारतो, "दादा, तिकडे कंपनी काढली की टॅक्स नाही ना?" आता ह्याला हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण, आणि का म्हणता येत नाही ते सांगायचं तर तिथला कायदाच थोडा उलगडावा लागतो. चहा घेऊन बसा.

बेट केवढं ते आधी बघू. रॉड्रिग्ज हे त्यांचं दुसरं छोटं बेट धरून साधारण २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्यापेक्षाही कमी, आणि माणसं साडेबारा लाखांच्या आसपास, पिंपरी-चिंचवडमध्ये त्याहून जास्त राहतात. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तिथे ऊस सोडला तर फारसं काही नव्हतं. मग कापडाचे कारखाने आले, हॉटेलं आली आणि १९९२ मध्ये त्यांनी ऑफशोअर, म्हणजे तिथे नोंदून बाहेर चालवायच्या, व्यवसायाचा कायदा केला. म्हणजे काय केलं तर कायदाच विकायला काढला. हे टोमणा मारायला म्हणत नाहीये हां. जमीन नाही, खनिज नाही, घरचं मार्केट नाही, पण संसद आहे, कोर्ट आहे, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येणारे वकील आणि अकाउंटंट आहेत, आणि घड्याळ असं की सकाळी मुंबईशी बोला, दुपारी लंडनशी. आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. अशा देशाने काय विकावं? विश्वासाने करार करता येईल अशी जागा विकली.

दोन देशांची मिसळ

मॉरिशसचा कायदा समजायचा तर थोडा इतिहास लागतोच, टाळता येत नाही. १७१५ पासून बेट फ्रेंचांकडे होतं. १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकलं, पण शरणागतीच्या कागदात एक अट होती की इथल्या लोकांचे धर्म, कायदे आणि रीतिरिवाज आहेत तसेच राहतील. आता शेवटचा फ्रेंच गव्हर्नर डेकाएन, त्याच्या काळात नेपोलियनची नागरी संहिता बेटावर येऊन बसली होती, ती मग इंग्रजांनी दीडशेच्यावर वर्षं राज्य करूनही हलली नाही. गोव्याच्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको, त्यांच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतले नवरा-बायकोच्या मालमत्तेचे नियम १९६१ नंतरही चालूच राहिले. राज्य करणारे बदलतात, पण घर, जमीन आणि गहाणखत ह्यांचे नियम बदलायला कोणाचीच छाती होत नाही.

तर आज तिथे असं आहे की करार, जमीन, गहाण, नुकसानभरपाई हे सगळं मुळात फ्रेंच. कंपनी, ट्रस्ट, पुरावा, कोर्टात उभं राहून उलटतपासणी घ्यायची पद्धत हे सगळं इंग्रजी. संसदेचे कायदे इंग्रजीत लिहिलेले, संहिता फ्रेंचमध्ये, सुप्रीम कोर्टाची अधिकृत भाषा इंग्रजी, आणि बाहेर ढोलपुरीच्या गाडीपाशी वकील आणि पक्षकार बोलतात ते क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेल्या तिथल्या बोलीत.

ह्याने व्यवहारात फरक पडतो का? पडतो ना. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यात मोबदला लागतो, म्हणजे मी तुम्हाला काही देणार असेन तर तुमच्याकडून पण काहीतरी यायला हवं, नाहीतर थोडे अपवाद सोडून करार बाद. हा इंग्रजी विचार. मॉरिशसच्या संहितेत कलम ११०८ मोबदला मागतच नाही, ते विचारतं की संमती आहे का, दोघं करार करायला पात्र आहेत का, विषय नक्की आहे का आणि तुम्ही स्वतःला बांधून घेताय त्याला कायदेशीर कारण आहे का. त्यामुळे आपल्या वकिलाने ड्राफ्ट केलेलं, शंभर रुपये मोबदला मिळाला वगैरे लिहिलेलं अॅग्रीमेंट तिथे गेलं की तिथला वकील ते वाक्य वाचून नुसता हसतो, खोडत नाही, पण त्याचा उपयोगही नसतो. उलट करार सद्भावनेने पाळायचा ही गोष्ट तिथे संहितेतच लिहिलेली आहे, आणि हे आपल्या लोकांना माहीत नसतं. अजून एक गंमत म्हणजे फ्रान्सने स्वतः २०१६ मध्ये करारांचा सगळा भाग नव्याने लिहून कलमांचे नंबर बदलले, मॉरिशसने जुनेच ठेवले. नुकसानभरपाईचं ते प्रसिद्ध कलम १३८२ पॅरिसमध्ये आता दुसऱ्याच नंबरवर राहतं, पोर्ट लुईमध्ये मात्र जुन्याच घरी आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बँकेचं तारण. समजा दुकानदाराने कर्ज घेतलं आणि गोडाऊनमधला माल तारण दिला. पण माल रोज विकला जातो, रोज नवा येतो, मग बँकेचा हक्क नक्की कशावर? इंग्रजांनी ह्यावर फ्लोटिंग चार्ज काढला, म्हणजे हक्क मालावर तरंगत राहतो आणि कर्ज थकलं की त्या क्षणी जे काही गोडाऊनमध्ये असेल त्यावर येऊन बसतो. जुन्या फ्रेंच कायद्याला ही कल्पना झेपणारी नव्हती, तिथे जंगम वस्तू गहाण म्हणजे वस्तू सावकाराच्या ताब्यात द्या. मॉरिशसने काय केलं, तर हा अस्सल इंग्रजी तरंगता हक्क फ्रेंच भाषेत लिहून सरळ नागरी संहितेतच घालून टाकला. पुरणपोळीत जॅम भरावा तसं वाटतं ऐकायला. पण तिथल्या बँका वर्षानुवर्षं त्याच्यावर कर्जं देतायत.

कंपनी काढायची म्हणजे

कंपनी कायदा २००१ चा. आणि तो इंग्लंडवरून नाही उचलला, न्यूझीलंडच्या १९९३ च्या कायद्यावर बेतलाय, कारण तो जास्त सुटसुटीत होता. शेअरहोल्डर एक असला तरी चालतो, किमान भांडवलाची सक्ती नाही, डायरेक्टरांपैकी एक तरी मॉरिशसमध्ये राहणारा लागतो. कंपनीची घटना लिहिली नाहीत तरी अडत नाही, मग कायद्यातले ठरलेले नियम आपोआप लागू होतात. पूर्वी कंपनीने आपल्या उद्देशाच्या यादीबाहेर काही केलं की ते बेकायदेशीर अशी भानगड असायची, ती काढून टाकली, कंपनीला जिवंत माणसासारखी सगळी क्षमता आहे असं सरळ म्हटलंय.

पण ह्या कायद्याचा जीव आहे सॉल्व्हन्सी टेस्टमध्ये, म्हणजे कंपनी आपली देणी फेडू शकते का ह्या कसोटीत. ते नीट बघू, कारण फंडवाले तिथे का जातात त्याचं अर्धं उत्तर ह्यात आहे आणि त्याचा टॅक्सशी काही संबंध नाही.

कंपनीत पैसा घालणं जगात सगळीकडे सोपं असतं हो. बाहेर काढणं अवघड. भारतात तुम्हाला भांडवल कमी करून शेअरहोल्डरांना परत द्यायचं असेल तर एनसीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांच्या ट्रिब्युनलकडे जावं लागतं, अर्ज, नोटिसा, तारखा, घेणेकऱ्यांच्या हरकती, महिने जातात. मॉरिशसमध्ये शेअरहोल्डरांनी विशेष ठराव करायचा आणि डायरेक्टरांनी दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. पैसे देऊन झाल्यावर कंपनी आपली देणी वेळच्या वेळी फेडू शकेल का? आणि मालमत्तेची किंमत देणी अधिक नोंदवलेलं भांडवल ह्याच्यापेक्षा जास्त राहील का? दोन्ही हो असेल तर द्या पैसे, कोर्ट नाही, ट्रिब्युनल नाही. डिव्हिडंड असो, शेअर परत विकत घेणं असो, सगळीकडे हीच कसोटी.

मग वाटेल की हे फारच ढिलं झालं. नाही झालं, कारण जबाबदारी ऑफिसरच्या टेबलावरून उचलून डायरेक्टरच्या डोक्यावर ठेवलीये. त्याला योग्य आधाराशिवाय हो म्हणता येत नाही, आणि कंपनी नंतर बुडाली आणि तेव्हाच माहीत होतं असं निघालं तर वाटलेला पैसा परत मागता येतो, प्रसंगी डायरेक्टरच्या खिशातून. त्यामुळे आमच्याकडे दर तिमाहीला तिथल्या डायरेक्टरबाईंचे मेल यायचे, रोख किती आहे, पुढच्या बारा महिन्यांत काय काय द्यायचंय, अमुक वकिलाचं बिल धरलंय का. मला तेव्हा वाटायचं ही बाई उगाच पिडते. तिची सही होती, तिचं बरोबर होतं.

दोन डायरेक्टर आणि एक इमारत

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मॉरिशसमध्ये बसून मॉरिशसच्या बाहेर धंदा करणाऱ्या कंपनीला ग्लोबल बिझनेसचं लायसन्स लागतं, ते देतं फायनान्शियल सर्व्हिसेस कमिशन, म्हणजे तिथली नियामक संस्था, २००७ च्या कायद्याखाली. त्यात अट अशी की कंपनीचं नियंत्रण आणि व्यवस्थापन मॉरिशसमधून व्हायला हवं. म्हणजे काय हे बघताना कमिशन विचारतं की तिथले रहिवासी असे किमान दोन डायरेक्टर आहेत का, आणि ते स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेण्याच्या कुवतीचे आहेत का, हे शब्द खरंच आहेत बरं का. मुख्य बँक खातं तिथलं, हिशोबाची वह्या-पुस्तकं तिथल्या नोंदणीकृत पत्त्यावर, ऑडिट तिथे, आणि मीटिंगला तिथले किमान दोन डायरेक्टर हजर.

हे सगळं पुरवायला मॅनेजमेंट कंपन्या असतात, लायसन्सवाल्या. पोर्ट लुईजवळ एबेन नावाची काचेच्या इमारतींची वसाहत आहे, साधारण आपलं हिंजवडी पण ट्रॅफिक कमी, तिथल्या एका मजल्यावर शेकडो कंपन्यांचा पत्ता असतो. डायरेक्टर तेच पुरवतात, सेक्रेटरी तेच, पाटी तीच. आणि खरी गोची इथून सुरू होते. ज्या माणसाचं नाव चाळीस-पन्नास कंपन्यांच्या बोर्डावर आहे तो प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र बुद्धी कुठून आणणार?

मी ज्या मीटिंगांना फोनवर असायचो त्यांचं सांगतो, कोणत्या फंडाच्या ते सोडा. मीटिंग गुरुवारी, पण मिनिट्सचा ड्राफ्ट बुधवारीच मेलवर आलेला, त्यात सविस्तर चर्चेनंतर एकमताने संमत असं लिहूनसुद्धा झालेलं. एकदा फंड चालवणारा न्यूयॉर्कचा साहेब फोनवर आल्या आल्या म्हणाला की मी ऑलरेडी त्यांना हो सांगितलंय, आणि तिकडून मॉरिशसची डायरेक्टर थंडपणे म्हणाली, आपण अजून काही ठरवलेलं नाही, तुम्ही शिफारस करताय एवढंच नोंदवते. मी म्यूटवर होतो म्हणून बरं, हसू आलं होतं. पण त्या एका वाक्यात सगळी केस होती. निर्णय न्यूयॉर्कला झाला असं कागदावर आलं असतं तर कंपनीचं डोकं न्यूयॉर्कला आहे असं कोणीही म्हणू शकलं असतं.

पूर्वी ह्या लायसन्सचे कॅटेगरी एक आणि कॅटेगरी दोन असे दोन प्रकार होते. दुसऱ्या प्रकारच्या कंपनीला तिथे टॅक्सच नव्हता आणि त्यामुळे इतर देशांबरोबरच्या टॅक्सच्या करारांचा फायदा पण नव्हता. युरोपियन युनियन आणि ओईसीडी ह्या श्रीमंत देशांच्या संघटनेने डोळे वटारल्यावर २०१८ च्या फायनान्स कायद्यात ही विभागणी गेली, जुन्या लायसन्सना ३० जून २०२१ पर्यंत मुदत मिळाली. आता एक ग्लोबल बिझनेस कॉर्पोरेशन आणि दुसरी ऑथराइज्ड कंपनी. ही दुसरी मला प्रामाणिक वाटते, कारण तिच्याबद्दल कायदाच म्हणतो की हिचं व्यवस्थापन बाहेरून चालतं, म्हणून टॅक्सपुरती ही आमची रहिवासी नाही.

टॅक्स, एकदाचा

मॉरिशसमध्ये कॉर्पोरेट टॅक्स १५ टक्के. आधी परदेशी उत्पन्नावर तुम्ही बाहेर टॅक्स भरलाच असेल असं गृहीत धरून ८० टक्के सूट मिळायची, म्हणजे १५ मधले १२ गेले, उरले ३. २०१९ पासून ती गृहीत धरण्याची पद्धत बंद, त्याऐवजी ठराविक प्रकारच्या उत्पन्नाचा ८० टक्के भाग माफ, पण तिथे खरंच काम होतं, माणसं आहेत, खर्च होतो हे दाखवलं तर. आकडा परत फिरून तीनवरच येतो, फक्त आता तो कमवावा लागतो. आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावर, म्हणजे कॅपिटल गेन्सवर, तिथे टॅक्स नाही.

ह्या शेवटच्या वाक्याला २४ ऑगस्ट १९८२ ला एकाच उत्पन्नावर दोनदा टॅक्स नको म्हणून भारत-मॉरिशस करार झाला त्याची जोड द्या. करारात म्हटलं होतं की मॉरिशसच्या रहिवाशाने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर त्यावर टॅक्स लावायचा हक्क मॉरिशसचा. मॉरिशस लावत नाही. भारताला हक्क नाही. झालं, दोन्हीकडे शून्य. ८२ साली परदेशी माणूस आपले शेअर घेत होताच कुठे, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. १९९१ नंतर दारं उघडली आणि मग लोंढाच सुरू झाला. २००० पासूनचा हिशोब काढला तर भारतात आलेल्या एकूण थेट परकीय गुंतवणुकीचा जवळपास पाव भाग कागदोपत्री ह्या चिमुकल्या बेटावरून आलाय. त्यातला काही आपलाच पैसा बाहेर जाऊन कपडे बदलून परत आलेला, त्याला राउंड ट्रिपिंग म्हणतात.

२००० साली आयकर अधिकाऱ्यांनी मॉरिशसच्या फंडांना नोटिसा काढल्या, बाजार हादरला, तर सीबीडीटीने, म्हणजे आपल्या प्रत्यक्ष कर मंडळाने, १३ एप्रिल २००० ला सर्क्युलर ७८९ काढून सांगितलं की मॉरिशसच्या टॅक्स खात्याचं रहिवासाचं सर्टिफिकेट असेल तर तो पुरावा पुरेसा, खोलात जाऊ नका. ते दिल्ली हायकोर्टाने रद्द केलं, आणि २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परत उभं केलं. करार फायद्याचा म्हणून वापरला तर त्यात बेकायदेशीर काही नाही, सरकारला नको असेल तर सरकारने करार बदलावा, असा साधारण सूर होता. मला तो निकाल तर्काला धरून वाटतो, पटत नाही ती गोष्ट वेगळी.

करार बदलायला सरकारला पुढची तेरा वर्षं लागली. १० मे २०१६ ला दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरच्या नफ्यावर टॅक्स भारताचा. त्याआधी घेतलेले शेअर जुन्या नियमात. मधली दोन वर्षं, ३१ मार्च २०१९ पर्यंत, अर्धा दर, आणि तोसुद्धा कंपनीने आधीच्या बारा महिन्यांत मॉरिशसमध्ये १५ लाख मॉरिशियन रुपये, म्हणजे करारातल्याच आकड्याने आपले २७ लाख, खर्च केले असतील तरच. तिथलं चलनही रुपयाच, त्यामुळे माझा एक्सेलमध्ये दोनदा घोळ झालाय. रस्ता पूर्ण बंद झाला असं मात्र नाही, कर्जाच्या व्याजावर भारतात कापायचा टॅक्स ह्याच दुरुस्तीने ७.५ टक्क्यांवर ठेवला, मग शेअरऐवजी कर्जरोखे घेणारे फंड तिथे आले.

मग आली टायगर ग्लोबल ह्या अमेरिकन गुंतवणूक कंपनीची केस, आणि इथे परत ते डोकं कुठलं हा प्रश्न. त्यांच्या मॉरिशसच्या कंपन्यांनी फ्लिपकार्टच्या सिंगापूर कंपनीचे शेअर २०१७ च्या आधी घेतले आणि २०१८ मध्ये वॉलमार्टला विकले. तारखेप्रमाणे जुना नियम. पण २०२० मध्ये अॅडव्हान्स रूलिंगच्या अथॉरिटीने, म्हणजे टॅक्स लागेल का हे आधीच सांगणाऱ्या मंडळाने, बोट ठेवलं ते चेकवर. अडीच लाख डॉलरच्या वरच्या व्यवहाराला सही लागायची ती अमेरिकेतल्या माणसाची, आणि तो माणूस मॉरिशसच्या बोर्डावर नव्हताच. म्हणजे पाटी एबेनची आणि तिजोरीची किल्ली अमेरिकेत. दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे मत फेटाळलं, सर्टिफिकेट आहे, बोर्ड आहे, बास झालं म्हणाले. आणि जानेवारी २०२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाला उलटवून निकाल आयकर खात्याच्या बाजूने दिला. वीस-पंचवीस वर्षं सर्टिफिकेट दाखवलं की दार उघडायचं, आता दारावरचा माणूस विचारतो की आत नक्की राहतं कोण.

तर मावसभावाचा प्रश्न. समजा त्याने पुण्यात बसून मॉरिशसला कंपनी काढली आणि सगळे निर्णय कर्वेनगरच्या फ्लॅटमधून घेतले. आपल्या आयकर कायद्यात आता प्रत्यक्ष व्यवस्थापन कुठून चालतं हे बघतात, ते भारतातून चालत असेल तर कंपनीची नोंदणी कुठलीही असो ती भारताची रहिवासी आणि जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स इथे. ५० कोटींपर्यंत उलाढाल असेल तर ही तपासणी लावणार नाही असं सीबीडीटीने २०१७ मध्ये सांगितलंय, पण ते ऐकून लगेच खुश व्हायचं कारण नाही. बाहेर पैसे पाठवायला फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे, २०२२ चे नियम आहेत, भारतीय कंपनी पाठवत असेल तर तिच्या नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंतच. आणि परदेशातले शेअर रिटर्नमध्ये दाखवायचे राहिले तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाखांचा दंड बसू शकतो, टॅक्स शून्य असला तरी. हे सगळं ऐकून तो म्हणाला, मग लोक जातात कशाला? आफ्रिकेत पाच देशांत धंदा करायचाय, पार्टनर केनियाचा, पैसा दुबईचा, अशा वेळी सगळ्यांना मान्य होईल असं कोर्ट आणि असा कंपनी कायदा लागतो म्हणून जातात. त्याचं कर्वेनगरला झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला गरज नाही.

भांडण झालं तर

कोर्टाचं बोलतोय तर मॉरिशसच्या सुप्रीम कोर्टात व्यापारी खटल्यांसाठी कमर्शियल डिव्हिजन आहे, २००९ पासून. पण शेवटचं अपील कुठे जातं? लंडनला, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडे. १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाले, राणीला रजा दिली, पण तिचं कोर्ट ठेवलं. आपण १९४९ मध्येच हा दोर कापला. आपल्याकडे प्रिव्ही कौन्सिल म्हटलं की जुन्या लोकांना टिळकांचा ताईमहाराज खटला आठवतो, दत्तकाच्या वादातून सुरू झालेला आणि १९१५ मध्ये लंडनला टिळकांच्या बाजूने संपलेला. पुण्याच्या भांडणाचा निकाल लंडनच्या माणसांनी द्यायचा हे आपल्याला तेव्हा गुलामी वाटत होतं आणि होतंच ते. मॉरिशस मात्र आज तीच गोष्ट ब्रोशरमध्ये छापतं, कारण परक्या गुंतवणूकदाराला भीती असते की छोट्या बेटावर सगळे एकमेकांचे पाहुणे, मग न्याय कसा होणार, आणि त्यावर हे उत्तर पुरेसं पडतं. २००८ च्या आंतरराष्ट्रीय लवाद कायद्यात तर अशा केसेस तीन ठरवलेल्या न्यायाधीशांपुढे आणि तिथून थेट लंडन, मधली पायरीच नाही.

एक छोटी गोष्ट राहिली, प्रोटेक्टेड सेल कंपनी, म्हणजे एकाच कंपनीत मालमत्ता आणि देणी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सोय, १९९९ चा कायदा. मिसळणाचा डबा डोळ्यासमोर आणा. डबा एक, झाकण एक, पण हळदीची वाटी वेगळी, मोहरीची वेगळी. एका वाटीला मुंग्या लागल्या तर त्या वाटीचा घेणेकरी दुसऱ्या वाटीत हात घालू शकत नाही. विमा आणि फंडवाल्यांना हे फार आवडतं. २०२२ मध्ये ह्याच्या पुढची पायरी आली, व्हेरिएबल कॅपिटल कंपनी, त्यात हवं तर प्रत्येक वाटीला स्वतःचं कायदेशीर अस्तित्वसुद्धा घेता येतं.

डाग पण आहेत हे लपवायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये एफएटीएफ ह्या काळा पैसा रोखणाऱ्या जागतिक संस्थेने ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या देशांच्या यादीत टाकलं, ऑक्टोबर २०२१ मध्ये बाहेर काढलं, आणि त्या मधल्या काळात आमच्या केवायसीच्या फाइली दुप्पट जाड झाल्या. खरा मालक कोण हे आता रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं.

आणि हो, तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सातारा भागातून उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांनी तो सण तिकडे नेला, त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे मराठी म्हणून नोंदलेली आहेत. आमचे पेमेंट त्या दिवशी अडकायचे आणि न्यूयॉर्कवाले विचारायचे की बँक का बंद आहे, ते समजावून सांगायचं काम आपोआप माझ्याकडे यायचं.

फंडाची मुदत साधारण दहा-बारा वर्षांची, ती संपली की कंपनी गुंडाळतात. लायसन्स कमिशनला परत, टॅक्स खात्याचं काही देणं नाही असं बघायचं, शेवटचं ऑडिट, मग लिक्विडेटर. मी ज्या फंडाचं पहिलं व्हाउचर टाकलं होतं त्याची शेवटची मीटिंगसुद्धा मीच फोनवर ऐकली. करोडो डॉलर आत आले, बाहेर गेले, सगळ्याचे निर्णय आधीच कुठेतरी झालेले असायचे. त्या दिवशी बँकेत दोनशे अकरा डॉलर उरले होते आणि ते कोणाला पाठवायचे ह्यावर, कारण पाठवायचा खर्चच त्याहून जास्त होता, दोन्ही डायरेक्टर पाऊण तास बोलत बसले. न्यूयॉर्कहून त्या मीटिंगला कोणी आलंच नव्हतं. तेवढा एक निर्णय मात्र पूर्णपणे मॉरिशसमध्ये झाला.